सर्व्हरवर डायल-अप मोडेमचा वेग कसा बांधायचा

महाप्याच्या एमआयडीसीत जुना सर्व्हर डायल-अपवर, म्हणजे मोडेमने टेलिफोन लाइनवरून जोडून, चालवायचा असेल, तर दोन वेगांची गल्लत करू नका.

सर्व्हर ते मोडेम हा सिरियल पोर्टचा (मोडेमची केबल लागते त्या जागेचा) वेग ११५२०० बिट प्रतिसेकंदावर कायम ठेवा. हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे केबलमधल्या वेगळ्या तारांवरून ‘थांब’, ‘पाठव’ सांगायची सोय, चालू हवाच. नाहीतर बफर (डेटा तात्पुरता साठवायची जागा) भरून अक्षरं गळतात आणि दोष उगाच लाइनला लागतो.

मोडेम ते मोडेम वेग लाइन ठरवते. दोन्ही टोकांना साधी अ‍ॅनालॉग लाइन असली, की ३३,६०० बिट प्रतिसेकंद ही हद्द. ५६के (५६,००० बिट प्रतिसेकंद) हवं तर सर्व्हरकडे डिजिटल लाइनच लागते, महागडा मोडेम घेऊन भागत नाही.

पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी शिरलं की लाइन खरखरते, मोडेम सारखे रीट्रेन होतात, म्हणजे मध्येच थांबून जोडणी नव्याने जुळवतात. तेव्हा कमाल वेग १४,४०० वर बांधा. त्याची कमांड कंपनीगणिक बदलते, मॅन्युअल बघूनच द्या आणि सेटिंग मोडेममध्ये सेव्ह करा; नाहीतर वीज जाऊन आली की सगळं मूळपदावर.