शाळेतल्या भेदभावाची चौकशी: जबाबाआधी कागद

नवी तक्रार टेबलावर आली की पहिल्या दिवशी मी कुणाचाही जबाब घेत नाही. त्या दिवशी फक्त एक पत्र जातं, शाळेच्या प्रिन्सिपलना, आयटी विभागाला आणि बस विभागाला: या मुलासंबंधीचे ईमेल, मेसेज, कॅमेऱ्याचं चित्रीकरण, शिस्तीच्या नोंदी, यातलं काहीही पुसू नका. बसमधल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. सुरुवातीच्या वर्षांत एका प्रकरणात मी आईवडिलांशी बोलण्यात चार दिवस घालवले आणि तेवढ्यात ते गेलं. सहावीतल्या त्या मुलाला मागच्या सीटवर काय ऐकावं लागलं, हे मग त्याच्या एकट्याच्या शब्दावर राहिलं. तो खरं सांगत होता असं मला आजही वाटतं. अहवालात मात्र 'सिद्ध झालं नाही' असं लिहावं लागलं.

मी कॅलिफोर्नियात एका स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची, वकील आहे. इथे पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, सर्वांना मोफत शाळा. आपल्याकडच्या महागड्या 'पब्लिक स्कूल'शी तिचं नावापुरतंच साम्य. पुण्या-नागपूरकडे एलएलबी, इथे एलएलएम, मग बारची म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा, अशा वाटेने येणारी मुलंमुली मला विचारतात की या चौकशा करायच्या कशा. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी कायदा ठरवा, कारण पुढची सगळी प्रक्रिया त्यावर ठरते. वंश, रंग किंवा मूळ देश यावरून भेदभाव असेल तर 1964 च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सिक्स, म्हणजे सहावा भाग. लिंगावरून असेल तर 1972 च्या शिक्षण सुधारणा कायद्याचं टायटल नाइन. अपंगत्व असेल तर 1973 च्या पुनर्वसन कायद्याचं कलम 504, आणि 1990 चा अपंगांच्या हक्कांचा कायदाही. एकाच तक्रारीत दोन कायदे पुष्कळदा येतात, म्हणून पालकांनी फॉर्मवर कुठल्या चौकटीत खूण केली त्यावर थांबू नका. टायटल नाइनमध्ये लैंगिक छळाची औपचारिक तक्रार असेल तर विशेष जपा. तपास करणारा आणि निर्णय देणारा वेगवेगळे लागतात, आणि पुरावा वाचून उत्तर द्यायला दोन्ही बाजूंना दहा दिवस द्यावे लागतात. हे 2020 चे नियम आहेत. 2024 चे नवे नियम केंटकीतल्या फेडरल कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये रद्द केले, त्यामुळे त्या मधल्या काळातली टिपणं आणि नमुने वापरू नका.

मग प्रश्न लिहून काढा. 'मुलाला वाईट वागवलं का?' या प्रश्नाची चौकशी करता येत नाही. मी असं लिहिते: 'ऑगस्ट ते डिसेंबर या काळात, त्याच शिक्षकाने, तशाच वागण्यासाठी, या मुलाला इतर वंशाच्या मुलांपेक्षा कडक शिक्षा दिली का? दिली असेल, तर त्याचं कारण वंश होतं का?' छळाच्या तक्रारीत प्रश्न निराळे: काय घडलं, कशावरून घडलं, त्यामुळे मुलाचं शिक्षण अडलं का, शाळेला कधी कळलं, आणि कळल्यावर शाळेने काय केलं. 1999 च्या डेव्हिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की विद्यार्थ्याकडून होणारा गंभीर छळ माहीत असूनही शाळेने जाणूनबुजून दुर्लक्ष केलं तर ती जबाबदार ठरते. जॉर्जियातल्या पाचवीतल्या एका मुलीला वर्गमित्र महिनोन्‌महिने त्रास देत होता, त्याचा तो खटला. पण ती कोर्टात शाळेकडून नुकसानभरपाई मिळवण्यासाठीची पायरी आहे. आपल्या चौकशीत ती लावून 'इतकं काही गंभीर नव्हतं' म्हणून फाइल बंद करणारे वकील मी पाहिले आहेत. डिस्ट्रिक्टचं स्वतःचं धोरण शाळेकडून त्याहून बरंच जास्त मागतं, आणि आपल्याला तपासायचंय ते धोरण पाळलं का.

आता कागद. भेदभाव क्वचितच कुणाच्या तोंडून सापडतो. तो दोन कागद शेजारी ठेवले की दिसतो. सातवीतल्या एका कृष्णवर्णीय मुलाच्या आईची तक्रार होती की एकच शिक्षक त्याला सतत वर्गाबाहेर काढतो. शाळेने त्या मुलाच्या रेफरल पाठवल्या. रेफरल म्हणजे शिक्षक भरून ऑफिसात पाठवतो ती शिस्तीची चिठ्ठी. मी म्हटलं, त्याच्या एकट्याच्या नकोत, त्या शिक्षकाने वर्षभरात लिहिलेल्या सगळ्या द्या. मग तक्ता केला: तारीख, तास, मुलाने काय केलं ते शिक्षकाच्याच शब्दांत, प्रकार, शिक्षा, मुलाचा वंश. एकाच आठवड्यातल्या दोन चिठ्ठ्या अशा होत्या. पहिली: 'पेन्सिल बाकावर आपटत राहिला, सांगूनही थांबला नाही.' प्रकार: उद्धटपणा. शिक्षा: तो दिवस आणि दुसरा दिवस वर्गाबाहेर. दुसरी: 'पेन्सिलने बाकावर ठेका धरला होता, तीनदा सांगावं लागलं.' प्रकार: व्यत्यय. शिक्षा: घरी फोन. दुसरा मुलगा गोरा होता.

एका जोडीवर निष्कर्ष काढू नका. पहिल्याला आधी ताकीद दिली होती का, तास तोच होता का, दोघांचं मागचं रेकॉर्ड काय, हे सगळं तपासा. मी तपासलं, ताकिदी सारख्याच होत्या, आणि अशा आणखी जोड्या निघाल्या. शिक्षकाच्या जबाबात मी दोन्ही चिठ्ठ्या नावं झाकून समोर ठेवल्या आणि गप्प बसले. त्यांनी त्या बराच वेळ वाचल्या. मग विचारलं, "दोन्ही मीच लिहिल्यात?"

म्हणूनच तक्रार ज्याच्यावर आहे त्याचा जबाब मी शेवटी घेते, कागद हातात आल्यावर. आधी तक्रारदार, मग साक्षीदार. प्रत्येक कर्मचाऱ्याला सुरुवातीलाच सांगा की मी डिस्ट्रिक्टची वकील आहे, तुमची नाही. त्याला युनियनचा प्रतिनिधी हवा असेल तर थांबा. 'हे आपल्यातच राहील' असं वचन कुणालाही देऊ नका, रडणाऱ्या मुलालाही नाही.

मुलांशी बोलताना त्यांच्या उंचीच्या खुर्चीवर बसा. 'तो तुला अमुक म्हणाला का?' असं विचारलं की तो शब्द तुम्ही मुलाच्या तोंडात घातला. 'मग काय झालं?' एवढाच प्रश्न पुरतो. आणि शक्यतो एकदाच बोला; तेच तेच चार जणांना सांगायला लावणं हाही त्रासच आहे.

दुभाषा म्हणून मोठं भावंड कधीही बसवू नका. मराठी घरातल्या एका मुलीच्या प्रकरणात आई म्हणाली, "चिडवतात हो जरा." दुभाष्याने अगदी हलका इंग्रजी शब्द वापरला आणि सगळे पुढच्या प्रश्नाकडे वळले. मी थांबवलं. चिडवणं या आपल्या शब्दात काहीही मावतं, आणि परक्या ऑफिसात बसलेली आई कमीच करून सांगणार. मी मराठीतच विचारलं, "नेमके शब्द सांगा ना, ते म्हणतात तसेच." तिने सांगितले. मुलीच्या डब्याबद्दल, कातडीबद्दल आणि 'परत जा' असे. चिडवणं नव्हतं ते. ती मुलगी मान खाली घालून बसली होती, आणि शेजारच्या अधिकाऱ्याने टिपणात लिहिलं होतं, 'नजरेला नजर देत नाही.' मोठ्यांसमोर मान खाली घालायला आपल्याकडे घरात शिकवतात. नजर, रडू, आवाज यांवरून खरंखोटं ठरवू नका. त्याच संध्याकाळी मैत्रिणीला पाठवलेला मेसेज, जुळणारे तपशील, खोटं बोलायचं कारण आहे की नाही, यांवरून ठरवा. 'दोघं वेगवेगळं सांगतात' हा निष्कर्ष होत नाही. पारडं थोडंही एका बाजूला झुकलं तर ते लिहा, आणि का झुकलं तेही.

अहवाल हा वकिलाने डिस्ट्रिक्टला दिलेला गोपनीय सल्ला आहे की नुसतं तथ्यशोधन, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्या. डिस्ट्रिक्टने पुढे कोर्टात या चौकशीचा आधार घेतला तर गोपनीयता बहुधा टिकत नाही, आणि तुम्ही स्वतः साक्षीदार होऊ शकता. म्हणून चौकशी करणाऱ्याने तो खटला लढवू नये. टिपणाची प्रत्येक ओळ मुलाची आई वाचेल असं धरून लिहा.

मुदतीही पाळा. कॅलिफोर्नियात अशी तक्रार सहा महिन्यांच्या आत करावी लागते आणि डिस्ट्रिक्टला 60 दिवसांत अहवाल द्यावा लागतो. केंद्रीय शिक्षण विभागाच्या नागरी हक्क कार्यालयाकडे जायला 180 दिवस आहेत, हे पालकांना स्पष्ट सांगा. मार्च 2025 मध्ये त्या कार्यालयाच्या 12 प्रादेशिक कचेऱ्यांपैकी 7 बंद करण्यात आल्या, त्यांत सॅन फ्रान्सिस्कोचीही होती. जिथे पालकांची दाद लागायची ती जागा आकसली, आणि डिस्ट्रिक्टच्या चौकशीतली चूक आता सुधारली जाण्याची शक्यता कमी झाली.

अहवाल गेल्यावर कॅलेंडरवर 30 दिवसांनंतरची तारीख टाका. तक्रारीचा सूड घेणं हाही कायद्याने भेदभावच आहे, आणि तो गुणांत, बसण्याच्या जागेत, संघातून वगळण्यात दिसतो. त्या तारखेला मी सातवीतल्या मुलाच्या आईला फोन केला. ती म्हणाली, बरं चाललंय. मग त्याचे गुण आणि हजेरी पाहिली, आणि त्या शिक्षकाच्या महिन्याभरातल्या रेफरल मागवल्या. सात होत्या. त्यातली एकही त्या मुलाची नव्हती. तरी साती वाचल्या, आणि तक्त्याखाली सात नव्या ओळी भरल्या.