लिनक्सवर फॉर्म-बटणवालं ॲप बनवायचंय? नवीन पोरांसाठी थोडा अनुभव

लातूर, नांदेड, परभणीकडं डिप्लोमा नाहीतर बीसीए करणाऱ्या पोरांचा एक प्रश्न मला सारखा येतो, दादा लॅबमधे लिनक्स शिकवलं पण सगळं टर्मिनलवरच, टेक्स्टबॉक्स आणि बटणं असलेलं ॲप तिथं बनतंय का? बनतंय की. पण फुकटातली टूल्स अजून पाहिजे तशी नाहीत, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर पोरगं महिनाभर घासतं आणि परत विंडोजवर जातं.

मी मोंढ्यातल्या एका आडत दुकानाला पट्टी काढायचं ॲप करून दिलं, म्हणजे कट्टे, वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात प्रिंट. पायथन येत होतं म्हणून टीकिंटरनं, म्हणजे पायथनसोबत येणाऱ्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीनं, सुरुवात केली. विंडोजवर मराठी एकदम झकास, आणि उबंटूवर तोच फॉर्म उघडला तर 'शिल्लक'ची पहिली वेलांटी श च्या पुढं गेलेली आणि ल्ल फुटून मधे पाय मोडलेला ल. फॉन्ट बदलून काही होत नाही, कारण टीकिंटरच्या आतलं टीके ८.६ लिनक्सवर एकेक अक्षरचिन्ह नुसतं शेजारी शेजारी ठेवतं, जोडाक्षर जुळवायचं काम तिथं कुणी करतच नाही. क्यूटी आणि जीटीके या खिडक्या-बटणांच्या दुसऱ्या लायब्ररी ते काम हार्फबझ नावाच्या लायब्ररीकडून करून घेतात म्हणून तिथं मराठी नीट दिसते. आपल्या भागातल्या माणसासाठी ॲप करायचं असेल तर पहिली परीक्षा हीच घ्या, एका लेबलवर 'शिल्लक' लिहून बघा, बाकीचं नंतर.

मग क्यूटी डिझायनर आणि पायसाइड (पायथनमधून क्यूटी वापरायची लायब्ररी) घ्या असं मी सांगतो. फॉर्म माउसनं ओढून बनतो, यूआय फाइल तयार होते, पायसाइडचं लायसन्स एलजीपीएल, म्हणजे मोकळं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, डबे नुसते ओढून ठेवले की खिडकी मोठी केल्यावर ते जागेवरच राहतात आणि लांब मराठी लेबल अर्धं कापलं जातं, फॉर्मच्या रिकाम्या जागेवर क्लिक करून फॉर्म लेआउट लावायचा. मशीन जुनं असेल तर लझारस हे फॉर्म-कोड एकत्र करायचं टूल बघा, पास्कल शिकावं लागतं पण बटणावर डबल क्लिक करून कोड लिहायची जी सोय १९९१ मधे व्हिज्युअल बेसिकनं आणली ती तिथं जशीच्या तशी मिळते, आणि ते फुकट आहे.

युनिक्सवर हे आधीपासून अडलेलंच आहे. नव्वदच्या दशकात मोटिफ नावाची खिडक्या-बटणांची लायब्ररी होती पण पैशाची. जिंप हे चित्रांचं सॉफ्टवेअर बनवताना जीटीके जन्मलं, १९९६ मधे केडीई हा डेस्कटॉप सुरू झाला तो क्यूटीवर, तेव्हा क्यूटीचं लायसन्स पुरतं मोकळं नव्हतं म्हणून १९९७ मधे ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप उभा राहिला. क्यूटी जीपीएल या मोकळ्या लायसन्समधे आलं २००० साली. म्हणजे लायब्ररीचं भांडण मिटून जमाना झाला, पण वरचं टूल मागंच राहिलं. जीटीकेचं फॉर्म काढायचं टूल ग्लेड किती जणांनी वापरलं, जीटीके ४ आलं आणि ग्लेड तिथंच थांबलं, आता ग्लेड सांभाळणाऱ्याच माणसानं सुरू केलेलं 'कंबालाचे' (Cambalache) नावाचं टूल आहे, चांगलं आहे, पण नवख्याला मराठीत सोडा, इंग्रजीतसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत हात धरून नेणारं ट्युटोरियल सहज सापडत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते पॅकेजिंग. फॉर्म झाला, डेटाबेस जोडला, आता दुकानात नेऊन चालू करायचं तर डेब, फ्लॅटपॅक का ॲपइमेज यातल्या कुठल्या प्रकारचं पॅकेज करायचं हे ठरवण्यातच दिवस जातो. नव्या उबंटूवर पायइन्स्टॉलरनं (पायथन ॲप एकत्र बांधून देणारं टूल) बांधलेलं ॲप जुन्या उबंटूवर जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, जुनी आहे म्हणून उघडतच नाही, त्यामुळं दुकानातल्या मशीनवर जी जुनी आवृत्ती असेल तिच्यावरच बिल्ड करायचं. फॉर्म काढा, कोड लिहा, एक बटण दाबा, पेनड्राइव्हवर न्या, एवढं एकाच फुकटच्या टूलमधे पाहिजे. मराठवाड्यात क्लास लावायला पुण्याला जाणं सगळ्यांना परवडत नाही, घरी बसून शिकणाऱ्याला टूलच मास्तर असतंय.

तोवर सेमिस्टर प्रोजेक्टला लायब्ररी मॅनेजमेंट परत परत करण्यापेक्षा यातलाच एखादा तुकडा घ्या. कंबालाचे नाहीतर लझारसमधे मराठी फॉर्म बनवा, जिथं अक्षर तुटतंय किंवा लेबल कापतंय तिथला स्क्रीनशॉट काढा आणि आवृत्ती नंबरासकट बग रिपोर्ट टाका, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं.