पायांवर जांभळे ठिपके आणि सुरू असलेलं अँटिबायोटिक: या चुका टाळा

पुरळ दिसलं की ‘ॲलर्जी’ लिहायचं, सेट्रिझिन द्यायची आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची. ही घाई पाहून मी आता विटलोय. केसपेपरवर ‘ॲलर्जिक रॅश’ दिसलं की मी आधी नडगीवरून बोट फिरवतो आणि मग काचेची स्लाइड दाबून बघतो. साध्या ॲलर्जीची लाली दाबल्यावर फिकी पडते. व्हॅस्क्युलायटिसमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहात (तो कधीकधी अँटिबायोटिकमुळेही होतो), बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना इजा होऊन रक्त बाहेर झिरपलेलं असतं. त्यामुळे ठिपका दाबला तरी तसाच राहतो, आणि बोटाला बारीक उंचवटाही लागतो. सावळ्या कातडीवर लाली शोधत बसू नका, तिथे ठिपके काळपट जांभळेच दिसतात.

माझा सगळ्यात मोठा राग मात्र तारखांवरून आहे. शेवटी सुरू झालेल्या औषधावर खापर फोडून सगळे मोकळे होतात.

एकदा पन्नाशीचे एक गृहस्थ वॉर्डात होते. दोन्ही पायांवर ठिपके, घोटे सुजलेले. आदल्याच दिवशी सेफॅलोस्पोरिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू झालं होतं, म्हणून रेसिडेंटने ते बंद करून दुसरं लावलं. तरी रोज नवे ठिपके. मी खाटेशेजारी बसून विचारलं, “काका, याआधी कुठली गोळी घेतली होती का?” ते म्हणाले, “छे, काहीच नाही.” काकूंनी मात्र पिशवीतून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची स्ट्रिप काढली. दाढेसाठी दहा दिवसांपूर्वी सुरू केलेली, आणि “कोर्स अर्धवट सोडू नये” म्हणून वॉर्डातही गुपचूप चालू! ती थांबवली आणि तीन-चार दिवसांत नवे ठिपके येणं बंद झालं. दाढेतला जंतुसंसर्गही कारण असू शकतो, हे मी तेव्हाही नोंदवून ठेवलं. या आजारात ती शंका पूर्ण फिटत नाही.

पहिल्यांदाच घेतलेल्या औषधाने हा त्रास साधारण सात ते दहा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा होतो. आधी त्याच औषधाची ओळख झालेली असेल तर दोन-तीन दिवसही पुरतात. म्हणून मी कागदावर आडवी रेघ मारतो, खाली तारखा आणि वर प्रत्येक गोळी. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, सल्फा, क्विनोलोन, सगळी अँटिबायोटिक संशयित. मिनोसायक्लिनचा त्रास तर महिनोन्‌महिने घेतल्यावर उपटतो आणि बहुधा एएनसीए (काही व्हॅस्क्युलायटिसमध्ये रक्तात सापडणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह दाखवतो.

बायॉप्सी घेताना सगळ्यात मोठा, काळा पडलेला ठिपका निवडतात. तो जुना असतो. एक-दोन दिवसांचा ताजा ठिपका घ्या. इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (चमकणाऱ्या रंगाने अँटिबॉडी शोधणारी तपासणी) दुसरा तुकडा घ्यायचा, तो शक्यतो चोवीस तासांच्या आतल्या ठिपक्याचा, आणि फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडे टिकवायच्या नेहमीच्या द्रावात, मुळीच टाकायचा नाही. टाकला की तो तुकडा वाया, आणि पेशंटला पुन्हा टोचावं लागतं. रिपोर्टात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त दिसले तर औषधाचा संशय बळावतो, पण नुसत्या स्लाइडवरून गोळीचं नाव कळत नाही.

प्लेटलेट मोजल्याशिवाय व्हॅस्क्युलायटिस म्हणू नका, त्या कमी असल्या तरी असे न फिकटणारे ठिपके येतात.

ताप असलेला, मलूल पेशंट असे ठिपके घेऊन आला तर आधी मेनिंगोकॉकस (मेंदूज्वराचा जंतू) आणि हृदयाच्या झडपांचा संसर्ग आठवा. तिथे अँटिबायोटिक थांबवणं जिवावर बेतेल. ब्लड कल्चर घ्या आणि अँटिबायोटिक बदलायचंच असेल तर वेगळ्या गटातलं द्या.

लघवी! सगळे विसरतात. पायांवर जे दिसतं तेच मूत्रपिंडात चालू असू शकतं आणि तिथे दुखत नाही. लघवीत रक्तपेशी आणि प्रथिनं, रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते), शिवाय बीपी, एवढं तपासा. पहिली लघवी नॉर्मल आली तरी मी पुढचे काही आठवडे ती पुन्हा पुन्हा मागवतो. पेशंट कंटाळतात, मी ऐकत नाही.

पहिल्याच दिवशी स्टिरॉइड सुरू करायची हौस आवरा. संशयित औषध थांबवून पाय उंच ठेवले की फक्त त्वचेपुरता आजार बहुधा काही दिवस-आठवड्यांत ओसरतो. तपकिरी डाग मात्र बराच काळ राहतात. ते पाहून पेशंट “अजून बरं नाही झालं” म्हणत परत येतात, म्हणून पहिल्याच भेटीत मी दोन-चार ताज्या ठिपक्यांभोवती पेनने गोल काढून देतो. गोलाबाहेर काही नवं उगवलं तर लगेच या, असं सांगतो.