संग्रहालयतज्ज्ञांच्या व्याख्यानाला जाताना एक वस्तू ठरवून जा

अमेरिकेतल्या स्मिथसोनियनसारख्या मोठ्या संग्रहालय-संस्थेतले तज्ज्ञ जाहीर व्याख्यानाला येणार असतील, तर जाण्याआधी त्यांच्या संग्रहातली एखादीच वस्तू निवडा आणि तिची माहिती काढा. अख्ख्या संस्थेची काढत बसू नका. मी संग्रहालयाच्या नोंदणी विभागात काम करते, वस्तू आत येताना आणि बाहेर जाताना तिचे कागद माझ्या हातून जातात. स्मिथसोनियनची २१ संग्रहालये, एक प्राणिसंग्रहालय आणि १५ कोटींहून अधिक वस्तू आणि नमुने, एवढा पसारा तासाभराच्या भाषणात मावत नाही. एका वस्तूचा माग काढला की मात्र तो बराच उलगडतो.

होप हिऱ्याचंच घ्या. ४५.५२ कॅरेटचा हा निळा हिरा हॅरी विन्स्टन या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याने नोव्हेंबर १९५८ मध्ये संस्थेला भेट दिला. पाठवला कसा, तर तपकिरी कागदात गुंडाळून रजिस्टर्ड टपालाने! खर्च आला १४५.२९ डॉलर. त्यात टपालाचे फक्त २.४४ डॉलर, बाकी सगळा विमा. हिरा आज वॉशिंग्टनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे आणि ते तपकिरी वेष्टन नॅशनल पोस्टल म्युझियमकडे. घटना एक, पण वस्तू दोन, संग्रहालये दोन आणि नोंदीही दोन. आता प्रश्न आपोआप सुचतात. या दोन नोंदी एकमेकींना जोडायचं काम कुणाचं? वेष्टन जपून ठेवायचं हे कुणाच्या लक्षात आलं? एका संग्रहालयाला दुसऱ्याची वस्तू प्रदर्शनासाठी हवी असेल तर घरचीच म्हणून नुसती उचलून नेतात, की बाहेरच्या संस्थेसारखा उसनवारीचा करार आणि वस्तूच्या स्थितीचा अहवाल करतात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की ही संस्था आतून कशी चालते हे कळू लागतं.

संस्थेचा जन्म थोडक्यात वाचून जा, म्हणजे सुरुवातीच्या स्लाइड्समध्ये अडकायला होणार नाही. जेम्स स्मिथसन हा इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ १८२९ मध्ये जेनोआत वारला. अमेरिकेत तो कधी गेलाही नव्हता. पुतण्या वारसाशिवाय वारल्यास संपत्ती अमेरिकेला, असं त्याचं मृत्युपत्र होतं, आणि १८३५ मध्ये पुतण्या तसाच वारला. १८३८ मध्ये लाखाहून अधिक सोन्याची नाणी समुद्रमार्गे अमेरिकेत पोचली. या पैशाचं करायचं काय, यावर तिथल्या काँग्रेसमध्ये बरीच वर्षं वाद चालला आणि १८४६ मध्ये संस्था उभी राहिली. आजही तिच्या १७ जणांच्या विश्वस्त मंडळावर सरन्यायाधीश आणि उपराष्ट्राध्यक्ष पदसिद्ध असतात आणि निम्म्याहून अधिक पैसा सरकारकडून येतो. न्यूयॉर्कचं कूपर ह्युइट सोडलं तर तिच्या संग्रहालयांना तिकीट नाही.

व्याख्यान सुरू झालं की आधी वक्त्यांची कामं टिपून घ्या. नावं पत्रिकेवर असतातच, नेमकं काम अनेकदा नसतं, आणि प्रश्न कुणाला विचारायचा हे त्यावर ठरतं. क्युरेटर वस्तूचा अर्थ आणि निवड यावर बोलतील. ती कुठे आहे, कुणाच्या मालकीची, विमा किती, प्रवास कसा, हे नोंदणी विभाग सांगेल. उजेड, दमटपणा, डाग, कसर हा संवर्धकाचा प्रांत. क्युरेटरला विम्याबद्दल विचारलं तर ते सौजन्याने दोन वाक्यं बोलतील आणि तुमची संधी गेली.

प्रश्न दोन वाक्यांत बसवा आणि वस्तूच्या नावाने सुरू करा. ‘तुमच्यापुढची आव्हानं कोणती?’ याला तयार उत्तर मिळतं. त्याऐवजी १८१३ मध्ये शिवलेल्या त्या मोठ्या ध्वजाबद्दल विचारा, ज्यावरून अमेरिकेचं राष्ट्रगीत सुचलं. अमेरिकन हिस्ट्री म्युझियममध्ये तो खास दालनात, अगदी मंद उजेडात ठेवलेला आहे, कारण प्रकाशाने कापडाची झालेली झीज परत भरून येत नाही. तेव्हा विचारा, ‘हा ध्वज लोकांना नीट दिसावा आणि टिकावाही, यात उजेड किती हे शेवटी कोण ठरवतं?’ अशा प्रश्नावर क्युरेटर आणि संवर्धक दोघेही मंचावर असतील तर ते एकमेकांकडे बघतात आणि खरी चर्चा सुरू होते. मला व्याख्यानातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

‘एवढ्या वस्तू कोठारात का दडवल्यात?’ हा प्रश्न सभागृहातून हमखास येतो. तुम्ही तो विचारू नका. त्या कोट्यवधींतला फार मोठा भाग म्हणजे नॅचरल हिस्ट्रीमधले कीटक, जीवाश्म, वाळवलेल्या वनस्पती. ते अभ्यासासाठीच गोळा केलेले नमुने आहेत. एकाच जातीचे शेकडो किडे काचेआड मांडून कुणाला काही मिळणार नाही, पण संशोधकाला ते शेकडोच लागतात. यापेक्षा चांगला प्रश्न असा, की मागच्या वर्षी कोठारातला कोणता संग्रह संशोधकांनी सर्वाधिक मागवला?

वस्तू परत करण्याचा विषय टाळू नका, फक्त नेमका मांडा. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर लुटलं. तिथल्या २९ कलाकृतींची मालकी स्मिथसोनियनने २०२२ मध्ये नायजेरियाला दिली. त्याच वर्षी नैतिक कारणासाठी वस्तू परत करण्याचं धोरणही संस्थेने आणलं. या उदाहरणावरून विचारा: मागणी कुणी करायची, पुरावा कुणी द्यायचा, निर्णय संग्रहालयाचा की विश्वस्तांचा? आवाज चढवायची गरज नाही. माहिती घेऊन विचारलेल्या प्रश्नाला टाळाटाळ करणं वक्त्याला जड जातं, आणि बहुतेक तज्ज्ञांना या विषयावर मनापासून बोलायचंही असतं.

संपल्यावर सगळे फोटो काढायला जातात. तुम्ही वही घेऊन जा आणि स्लाइडवर आवडलेल्या वस्तूचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. पुष्कळ ठिकाणी तो तीन भागांचा असतो: वस्तू कोणत्या वर्षी आली, त्या वर्षीची ती कितवी आवक आणि त्या आवकेतली कितवी वस्तू. प्रत्येक संग्रहालयाची रीत थोडी वेगळी असते, तीही तिथेच विचारून घ्या. २०२० मध्ये स्मिथसोनियनने आपल्या वस्तूंची सुमारे २८ लाख डिजिटल चित्रं कुणालाही मोफत वापरता येतील अशी इंटरनेटवर खुली केली आणि पुढे त्यांत भर पडत गेली. नावाने शोधलं तर ढीगभर वस्तू समोर येतात. क्रमांक टाकला की थेट त्याच वस्तूची नोंद उघडते. तिच्यात देणगीदाराची ओळ असते, ती आधी वाचा. पुढच्या प्रश्नाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.