शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी: शिष्यवृत्तीचे कागद

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खान्देशात घरोघरी कपाशीच्या बियाण्याची धावपळ लागते, आणि कागदपत्रं मागे पडतात. शेवटच्या वर्षाला जाणाऱ्यांनी सुट्टीचे उरलेले दोन-तीन आठवडे त्यासाठीच ठेवावेत. दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतू केंद्रावर रांग लागते. त्याआधी गेलेलं बरं.

उत्पन्नाचा दाखला आधी काढा. मागच्या वर्षीचा एक वर्षाचा दाखला ३१ मार्चलाच संपलेला असतो, हे अर्ज भरताना लक्षात येतं. आधार, रेशन कार्ड आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल बरोबर न्या. तलाठी शिवारात फिरतीवर असतात, म्हणून आधी फोन करा.

खरी अडचण बँकेत होते. ‘आधार जोडलंय’ एवढं पुरत नाही. महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे आधारशी शेवटी मॅप झालेल्या (थेट रक्कम जमा होण्यासाठी जोडलेल्या) खात्यात जातात. मधल्या काळात दुसरं खातं उघडलं असेल तर रक्कम तिकडे जाते, किंवा ते खातं बंद पडलं असेल तर अडकते. ‘माय आधार’ संकेतस्थळावर बँक सीडिंगची (म्हणजे याच मॅपिंगची) स्थिती पाहा. चुकीचं खातं दिसलं तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

गुणपत्रिका आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा, वडिलांच्या नावासकट.