बोगद्याच्या साईटवर जाताय? मग टर्म्स अशा शिका

समृद्धीवरचा इगतपुरीचा जुळा बोगदा 2025 च्या जूनमध्ये सुरू झाला, जवळपास 8 किलोमीटरचा, आणि तेव्हापासून नाशिकची डिप्लोमा-बीईची पोरं विचारत असतात की टनेलच्या कामाला जायचंय तर टर्म्स कुठून पाठ करू. माझं ऐका, पाठ करूच नका. नुसती यादी घोकलीत तर चार दिवसांत सगळं डोक्यातून जाणार. बोगदा ज्या क्रमाने खोदतात त्याच क्रमाने शब्द घ्या, म्हणजे प्रत्येक शब्दामागे काय काम आहे आणि काय धोका आहे तेही कळतं.

आधी कागदावर घोड्याच्या नालेसारखा एक आकार काढा. सगळ्यात वरचा भाग क्राऊन, तळ म्हणजे इन्व्हर्ट, कमान संपून भिंत सुरू होते ती स्प्रिंग लाईन. समोरचा खोदायचा दगड म्हणजे फेस, बोगद्याचं तोंड म्हणजे पोर्टल, डोक्यावर डोंगराची जेवढी जाडी ती ओव्हरबर्डन. बोगदा मोठा असेल तर वरचा भाग आधी काढतात तो हेडिंग, खालचा मागून येतो तो बेंच. पोर्टलपाशी ओव्हरबर्डन कमी आणि दगड झिजलेला, त्यात इगतपुरीचा पाऊस, म्हणून तिथे आत शिरायच्या आधीच वरचा उतार बांधून घेतात आणि क्राऊनच्या वरून पुढे पाईप ठोकतात, त्याला फोरपोलिंग म्हणतात.

आता एक राऊंड, म्हणजे एका ब्लास्टचं अख्खं चक्र. सर्व्हेवाला फेसवर मार्किंग करतो, बूमर म्हणजे ड्रिलिंगचं मशीन होल मारतं, त्यात स्फोटक भरायचं ते चार्जिंग, मग ब्लास्ट, मग पंखे लावून धूर बाहेर काढायचा तो डिफ्युमिंग. एका ब्लास्टमध्ये जेवढं पुढे सरकलो तो पुल. ठरवलेल्या रेषेच्या बाहेर दगड फुटला तर ओव्हरब्रेक, तो पुढे काँक्रीट खातो, त्यामुळे मीटिंगमध्ये हा शब्द रोज ऐकू येणार. आणि न उडालेला चार्ज म्हणजे मिसफायर, ब्लास्टनंतर उरलेलं होलचं बूड म्हणजे सॉकेट. सॉकेटमध्ये परत ड्रिल घालायचं नाही, कधीच नाही, आत स्फोटक शिल्लक असू शकतं.

डिफ्युमिंगनंतर स्केलिंग, आणि हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लांब सळईने छत ठोकून बघतात, घट्ट दगड ठणठणीत वाजतो, सुटलेला भद्द वाजतो, आणि भद्द वाजला की तो तिथेच पाडायचा. मशीनने स्केलिंग झालं असलं तरी अनुभवी फोरमन काय करतो ते सुरक्षित अंतरावरून बघा, कान द्या. स्केलिंग झाल्याशिवाय फेसखाली पाऊल टाकायचं नाही, साहेबाने बोलावलं तरी नाही. मग मकिंग, म्हणजे पडलेला दगड लोडर-डंपरने बाहेर, त्या दगडालाच मक म्हणतात.

मग जिऑलॉजिस्ट येतो, आणि इथे नाशिकची पोरं पुढे असायला हवीत कारण आपण बसाल्टवरच राहतो. पांडवलेणीला जाऊन कोरलेल्या भिंती बघा, सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये झिओलाईट बघा. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्या अशा खनिजांनी भरल्या की तो अमिग्डलॉइडल बसाल्ट, त्यात सांधे, म्हणजे दगडातल्या भेगा (जॉईंट), बहुतेक कमी असतात. कॉम्पॅक्ट बसाल्ट कडक असतो पण त्यात जॉईंट जास्त, पाणी तिथूनच येतं. दोन थरांमध्ये लाल मातीसारखा पट्टा दिसला तर तो रेड बोल, हवा-पाणी लागलं की ढासळतो म्हणून लगेच झाकून टाकायचा.

रिपोर्टमध्ये आरक्यूडी दिसेल, म्हणजे दगड किती अखंड आहे त्याची टक्केवारी, तो स्वतः काढून बघा. समजा 150 सेंटिमीटर ड्रिल केलं आणि कोअरचे, म्हणजे ड्रिलमधून निघणाऱ्या दगडाच्या दांड्याचे, तुकडे निघाले 30, 25, 20, 12, 8 आणि 5 चे. 10 किंवा त्याहून मोठे तेवढेच धरायचे, बेरीज 87, भागिले 150, म्हणजे 58 टक्के, मध्यम दगड. आरएमआर म्हणजे दगडाच्या दर्जाचा आकडा, 0 ते 100 मध्ये असतो, 1973 ची पद्धत, आणि क्यू व्हॅल्यू हाही दर्जाचाच आकडा, 1974 ची, नॉर्वेतली. दोन्हींवरून सपोर्ट किती लावायचा ते ठरतं.

सपोर्ट म्हणजे शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट), रॉक बोल्ट (दगडात ठोकलेल्या सळया), लॅटिस गर्डर (सळयांची जाळीदार कमान). दगड आधाराशिवाय जेवढा वेळ तग धरतो तो स्टँड-अप टाईम, सपोर्ट त्याच्या आत लागला पाहिजे. भिंती आत किती सरकतायत ते कन्व्हर्जन्स, त्याचं रीडिंग रोज घेतात, आणि आकडा थांबायच्या ऐवजी वाढत चालला तर लगेच सांगायचं. दगड वागेल तसा सपोर्ट बदलत जायचा, याच पद्धतीला एनएटीएम (न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड) म्हणतात, ऑस्ट्रियातून आलेली. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये उत्तराखंडच्या सिल्क्यारा बोगद्यात 41 कामगार 17 दिवस आत अडकले होते, ते आठवा म्हणजे हे सगळे शब्द कशासाठी आहेत ते वेगळं सांगायला नको.

टीबीएम म्हणजे बोगदा कापत जाणारं मोठं मशीन, त्याची भाषा वेगळी, कटरहेड, सेगमेंट, रिंग वगैरे, ती मुंबईकडे लागते. बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा 21 किलोमीटरचा बोगदा त्यातला 16 किलोमीटर टीबीएमचा आणि उरलेला एनएटीएमचा, तिकडे जायचं असेल तर दोन्ही लागतील, पण सुरुवात वरच्या राऊंडपासूनच करा.