घरात पिढ्यान्‌पिढ्या लवकर शुगर लागते? मोडी (MODY) या डायबेटिसच्या बाबतीत या चुका टाळा

मोडी म्हणजे एकाच जीनमधल्या बदलामुळे घराण्यात उतरणारा, बहुतेकदा तरुणपणीच लागणारा डायबेटिस. पण तो ओळखतो कोण? पोरगं बारीक आहे, शुगर निघाली, म्हणजे टाईप वन (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही तो), लावा इन्सुलिन. जाड असेल तर टाईप टू. एवढ्यावर लेबल लावून मोकळे होतात आणि मग फाइलमध्ये फॅमिली हिस्टरीच्या रकान्यात नुसतं 'आहे' लिहिलेलं दिसलं की माझं डोकं उठतं. अहो, कुणाला आहे? कितव्या वर्षी लागली? तेव्हा अंगाने कसे होते?

मी डायबेटिस एज्युकेटर आहे. आमच्याकडे एक १९ वर्षांची मुलगी यायची, पाच वर्षं इन्सुलिनवर, दिवसाला चार टोचण्या, सोबत कायम आई. एकदा आईला ताप होता म्हणून वडील आले आणि बोलता बोलता म्हणाले, "मला पण पंचविशीतच लागली, माझ्या आईला पण, आमच्याकडे लवकरच लागते." माणूस काटकुळा, कित्येक वर्षं एका गोळीवर. मी तिथेच पाठकोऱ्या कागदावर तीन पिढ्या काढल्या आणि डॉक्टरांपुढे ठेवल्या. अँटिबॉडी (टाईप वनमध्ये सहसा सापडतात त्या) निगेटिव्ह, पाच वर्षांनंतरही सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते दाखवणारी तपासणी) चांगलं, मग जीन टेस्ट केली तर एचएनएफ१ए या जीनमधला बदल, म्हणजे मोडीचा एक प्रकार. या प्रकारात ग्लिक्लाझाइडसारखी जुनी, स्वस्त गोळी इतकी लागू पडते की अगदी कमी डोसने सुरुवात करावी लागते, नाहीतर शुगर धाडकन खाली येते. तिचं इन्सुलिन सुटलं. पोरीपेक्षा वडीलच जास्त रडले. पाच वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि यात मीही आले.

तेव्हापासून माझी सवय एकच, आधी घराणं काढायचं, मग बाकीचं.

पण हे ऐकून कुणी स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद करू नका!! खरंच टाईप वन असेल तर एक-दोन दिवसांत किटोन (रक्तातलं आम्ल) वाढून आयसीयू गाठावं लागतं. घाई झालेल्यांना मी हे दहादा सांगते. रिपोर्ट हातात, डॉक्टर समोर, मगच बदल.

उपाशीपोटी १०० ते १४५ च्या मध्येच वर्षानुवर्षं अडकलेली शुगर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) साडेसातच्या आत, हा जीसीके, म्हणजे मोडीचाच दुसरा एक प्रकार असू शकतो. त्यात गोळ्यांनी फरक पडत नाही आणि सहसा त्या लागतही नाहीत, गरोदरपणात मात्र वेगळा विचार करावा लागतो.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डायबेटिस निघाला तर टाईप वन समजून बसू नका, जीन टेस्ट लगेच करा, त्यातल्या बऱ्याच बाळांचं इन्सुलिन गोळीवर येतं. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये या टेस्ट होतात.

गोळीवर आलो म्हणून डोळ्यांची तपासणी सोडणं ही पण चूकच, एचएनएफ१ए मध्ये डोळे-किडनी बिघडायची भीती तेवढीच असते.

आणि "आईकडून आलं", "बापाकडून आलं" ही भांडणं बंद करा. ज्याच्या जीनमध्ये हा बदल आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळायची शक्यता ५० टक्के, मुलगा असो की मुलगी. एकाचा बदल सापडला की घरातल्या बाकीच्यांची जीनमधली फक्त तेवढीच जागा तपासायची, सगळं पॅनल (अनेक जीनची एकत्र टेस्ट) परत करायला लावलं तर का म्हणून विचारा.